शिवलेला गुडघा

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं घरात सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. तो राग नसता, तर आज मी चोपड्यात कुणाच्या तरी लग्नात कडेला बसून "पूर्वी मी खो-खो खेळायचे" असं एखाद्या लांबच्या मावशीला सांगत असते.

गुडघा गेला तो कॉलेजच्या मैदानावर, सरावात. हिवाळा सरत आला होता. मी एका मुलीचा पाठलाग करत होते. खांबाजवळ तिनं हुलकावणी दिली, मीही तिच्यामागे वळले, पण माझा उजवा पाय वळला नाही. तो मातीत होता तसाच राहिला. आत काहीतरी कट्‌कन वाजलं आणि मी पडले. उठायला गेले तर गुडघा वाकल्या जागीच अडकलेला, सरळच होईना. मी इतकी ओरडले की रस्त्यानं चाललेला केळीचा ट्रक थांबला, असं पोरी अजून सांगतात. त्यात तिखटमीठ किती ते देव जाणे. मला उचलून बाहेर आणलं आमच्या कर्णधारानं. ती भडगावची, वसतिगृहात राहणारी, माझ्याहून वीतभर उंच आणि तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी. त्या दिवशी तर ती एक अक्षर बोलली नाही.

घरी लगेच वैद्यकी सुरू झाली. पहूरच्या मामांनी फोनवरच निदान केलं, शीर चढली आहे. माय, म्हणजे माझी आई, तेल कोमट करून बसली, वीट तापवून शेकून झालं, एरंडाची पानं बांधून झाली. शीर काही उतरली नाही. शेवटी नानांनी, माझ्या वडिलांनी, मामांचा फोन उचलायचं बंद केलं आणि मला जळगावला नेलं.

जळगावच्या डॉक्टरांनी एमआरआय बघितला आणि कागदावर गुडघ्याचं चित्र काढलं. दोन हाडांच्या मध्ये दोन गाद्या असतात, त्यातली आतली फाटली होती. फाटलेला तुकडा दुमडून सांध्यात अडकला होता, म्हणून पाय सरळ होत नव्हता. ते म्हणाले, "दोन रस्ते आहेत. फाटलेला भाग कापून टाकला तर तू लवकर पळायला लागशील, पण गादी कमी झाली की पुढे गुडघा लवकर झिजतो. शिवला तर गादी वाचते, पण सहा महिने तरी धीर धरावा लागेल, कदाचित जास्तच. आणि शिवलेलं टिकेलच अशी खात्री कोणी देणार नाही."

"कापा," मी म्हटलं. विचार करायलाही थांबले नाही.

त्याला कारण होतं. माझं कॉलेजचं शेवटचं वर्ष सुरू होणार होतं. दर हिवाळ्यात धुळ्याला कॉलेजांचे सामने होतात आणि तिथूनच विद्यापीठाच्या संघाची निवड होते. आधीच्या दोन्ही वर्षी मी थोडक्यात राहिले होते. येत्या हिवाळ्यात नाव आलं तर आलं, नाहीतर विषय संपला. कॉलेज सुटलं की आमच्याकडच्या मुलीचा खो-खोही सुटतो. पोरांना गावोगावी मंडळं आहेत, मुलींना एकही नाही. म्हणजे माझ्या हातात एकच हिवाळा होता आणि हे डॉक्टर मला निवांत शिवणकामाच्या गोष्टी सांगत होते.

नाना शेजारीच होते. केळीच्या बागेत राबणारा माणूस, दवाखान्यात आला की टोपी हातात घेऊन बसतो. ते एवढंच म्हणाले, "फाटेल गोणपाट शिवतस, कापी फेकतस नही."

डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. मी नानांशी भांडले, डॉक्टरांसमोरच भांडले. नानांनी ऐकून घेतलं आणि डॉक्टरांना सांगितलं, की मुलगी सज्ञान आहे, ती म्हणेल तसं करा, पण मला विचाराल तर शिवा. हे असं बोललेलं मला फार लागतं. दटावलं असतं तर मी 'कापा' यावरच अडून बसले असते. मग मी डॉक्टरांना एकच विचारलं, "शिवला तर हिवाळ्यात खेळेन का?" ते म्हणाले, "खेळू शकशील. पण त्यातलं अर्धं काम माझं आणि अर्धं तुझं." मी म्हटलं, ठीक आहे, शिवा. माझं अर्धं मी करते.

शस्त्रक्रिया झाली. पायाला पट्ट्यांचा लांबलचक आधार, काखेत कुबड्या. घरी सोडताना डॉक्टरांनी मायला बजावलं, "हिला खाली बसू द्यायचं नाही. मांडी नाही, उकिडवं तर अजिबात नाही. गुडघा जास्त वाकला तर टाके तुटतील." मायनं मान डोलावली. ते साधं मान डोलावणं नव्हतं, हे मला नंतर कळलं. माझी माय चातुर्मासात कांदा-लसूण सोडते तेव्हाही अशीच मान डोलावते.

आमच्याकडचं सगळं जगणं जमिनीलगत आहे. भाकरी थापायची ती बसून, भांडी घासायची ती बसून, जेवण बसून, गप्पा बसून, भाजी निवडणं बसून. मायनं माझ्यासाठी प्लास्टिकची एक निळी खुर्ची नेमली आणि जिथे मी, तिथे ती खुर्ची. नाना जळगावहून खुर्चीचा संडास मोटरसायकलवर मागे बांधून घेऊन आले. तापीचा पूल ओलांडून, भर दुपारी, सगळ्या गावांना दर्शन देत आले. रस्त्यात ओळखीच्या दोघांनी थांबवून विचारलंही, की नाना, सिंहासन कोणासाठी? नानांनी त्यांना खरं ते सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सगळ्यात कहर झाला तो गल्लीतले एक आजोबा वारले तेव्हा. आमच्याकडे कोणी गेलं की बायका त्या घरी दारावर जातात, खाली बसतात, रडतात, थोडा वेळ गप्प बसून उठतात. मायनं मला नेलं आणि बरोबर खुर्चीही नेली. सगळ्या म्हाताऱ्या जमिनीवर, डोक्यावर पदर घेऊन, आणि त्यांच्या मधोमध मी उंच खुर्चीवर, भाषण द्यायला आल्यासारखी. एक आजी रडता रडता थांबल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. शेजारच्या काकू कुजबुजल्या, पण कुजबुज मला ऐकू यावी अशा बेतानं, "गुडघा चिराई गया, आते कसाना खेळ?"

मीही तेवढ्याच हळू म्हटलं, "काकू, मना गुडघा चिरेल शे, जीभ नही." मायनं मला चिमटा काढला. शिवलेल्या पायाला नाही, दुसऱ्या.

माझं अर्धं काम मात्र मी नेकीनं केलं. एसटीनं जळगावला फिजिओकडे जायचं, घरी आलं की खाटेवर पडून पाय सरळ ठेवून मांडी आवळायची, सोडायची, आवळायची. टाच गादीवरून सरकवत ठरवून दिलेल्या कोनापर्यंत आणायची आणि थांबायचं. माझी मांडी बघून मला रडू यायचं. मैदानावर कमावलेली ती मांडी केळीच्या वाळल्या खोडासारखी लुळी पडली होती. बाहेर ऊन इतकं तापायचं की दुपारी कुत्रंही सावली सोडत नसे, आणि मी पंख्याखाली घामाघूम होऊन पाय उचलत होते. कर्णधार अधूनमधून यायची. दारात चपला काढून खाटेच्या पायथ्याशी बसायची, मी किती वेळा पाय उचलते ते बघायची आणि निघून जायची. जाताना म्हणायची, "कर."

कुबड्या सुटल्या. पट्टा सुटला. सायकल आली, मग पायऱ्या, मग संथ पळणं. पावसाळ्यात कपाशीला बोंडं धरली तेव्हा मी बांधाच्या कडेनं पळत होते. फिजिओ तरुण होता, नाशिकचा, कामात अगदी काटेकोर. एका पायावर उडी मारायला लावून तो दोन्ही पायांची तुलना करायचा, अचानक वळायला लावायचा, जमिनीवर आखलेल्या रेषांमधून पळवायचा. गणपती होऊन गेल्यावर एक दिवस त्यानं सगळ्या चाचण्या घेतल्या आणि हात मिळवला. डॉक्टरांनीही पाय तपासून सांगितलं, आता हळूहळू मैदानावर जा. मी येताना एसटीत खिडकीशी बसून एकटीच हसत होते. शेजारची बाई थोडी सरकून बसली.

मैदानावर आमच्या सरांनी, म्हणजे क्रीडाशिक्षकांनी, काही भाषण वगैरे केलं नाही. शिट्टी वाजवून म्हणाले, "चौकोनात बस."

खो-खो खेळलेला नसेल त्याला हे सांगायला हवं. पाठलाग करणाऱ्या संघाच्या आठ जणी मधल्या रेषेवरच्या चौकोनांत उकिडव्या बसतात, एक इकडे तोंड करून, तिच्या शेजारची तिकडे. नववी पळते. ती बसलेल्या मुलीच्या पाठीवर हात मारून 'खो' म्हणते, की बसलेली तीरासारखी उठते आणि पळणारी तिच्या जागी बसते. खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही. आणि मिळाल्यावर उठायला क्षणाचा उशीर झाला तर समोरची निसटलीच म्हणून समजा.

मी चौकोनात उभी राहिले आणि खाली जायला लागले. अर्ध्यावर गुडघा थांबला. दुखलं नाही. दारामागे दगड ठेवल्यावर दार थांबतं, तसा थांबला. मी जोर केला आणि ढुंगणावर आपटले. पोरी हसल्या असत्या तर बरं झालं असतं. उलट दोघीजणी धावत मला उठवायला आल्या.

दुसऱ्या दिवशी मी फिजिओसमोर उभी राहिले आणि जवळजवळ ओरडले, "दादा, पळता येतं, वळता येतं, सूर मारता येतो, पण बसता येत नाही!"

त्यानं शांतपणे विचारलं, "बसायचंय कुठे?"

"चौकोनात! खो-खोत बसावं लागतं ना!"

त्यानं कपाळाला हात लावला. मग म्हणाला, "पहिल्या दिवशी मी तुला विचारलं होतं, तुझ्या खेळात काय काय करावं लागतं ते सगळं सांग. तू काय सांगितलंस?"

मी सांगितलं होतं, पळणं, वळणं, हुलकावणी, खांबाला हात लावून फिरणं, सूर. बसणं सांगितलंच नव्हतं. कसं सांगणार? लहानपणापासून कुणी विचारलं, खो-खोत काय करता, तर आम्ही सांगतो, पळतो. बसणं हे खेळात धरतच नाही कुणी. ते घरातही होतं आणि मैदानावरही होतं, आणि घरातलं माझं बसणं तर मायनं कित्येक महिन्यांमागे बंद केलं होतं. फिजिओ शहरात क्रिकेट खेळत वाढलेला. शाळेत एकदा खो-खोच्या संघात होता, पण तोही म्हणाला, की मला आठवतं ते पळणंच. आम्ही दोघंही हसायला लागलो. हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण हिवाळा तोंडावर होता आणि खरा अवघड धडा तर अजून उघडलाही नव्हता.

त्यानं डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, इतके महिने झालेत, टाके धरले आहेत, चालेल, पण पायरी पायरीनं. फिजिओनं मला आधी उंच स्टुलावर बसायला लावलं, मग त्याहून ठेंगण्यावर, मग लाकडी ठोकळ्यावर. हात पुढे धरून, सावकाश, टाच न उचलता. ठोकळा दर वेळी जरा बुटका. तो म्हणाला, "इथे आठवड्यातून दोनदा होऊन भागणार नाही. घरी रोज बस. घरात जितकं खाली बसून होतं, तितकं सगळं कर."

इथेच खरं घोडं अडलं.

मी घरी मेथीची जुडी घेतली आणि भिंतीला पाठ टेकून हळूहळू खाली सरकले. माय ओट्यावरून धावत आली. "खाले काबर बठनी वं? खुर्ची दिसत नही का तुले?" मी सांगितलं, फिजिओनं सांगितलंय. ती म्हणाली, "डाक्तरनी सांगेल शे, बठू नको. मना कानवर सांगेल शे." मी सांगितलं, ते तेव्हा, आता वेगळं. तिनं खुर्ची माझ्यामागे आणून ठेवली. मी ती पायानं ढकलली. शिवलेल्या पायानं ढकलली, मुद्दाम. माय एकदम रडायला लागली.

त्या आठवड्यात घरात अबोला होता. मी भांडी घासायला बसले की ती माझ्या हातातून भांडं काढून घेई. मी रात्रीच्या जेवणाला पाटावर बसले की ती स्वतः उभी राही, न जेवता. नाना दोघींच्या मध्ये ताट घेऊन खाली मान घालून जेवत. प्रेमापुढे शहाणपण चालत नाही, आणि राग तर मुळीच चालत नाही, हे मला दिसत होतं, पण माझ्याकडे राग सोडून दुसरं हत्यार नव्हतं.

शेवटी मी मायला बरोबर घेऊन जळगावला गेले. फिजिओनं तिला स्टूल दिलं आणि मला ठोकळ्यावर बसवलं, उठवलं, बसवलं, उठवलं. मायनं पदर तोंडाशी धरला होता. मग तिनं थेट विचारलं, "टाका तुटना तं?"

त्यानं तिला फसवलं नाही. म्हणाला, "मावशी, तुटू शकतो. आता ती शक्यता कमी आहे, पण आहे. आणि न बसवता हिला एकदम मैदानावर सोडलं तर जास्त आहे. हिला खेळायचंच नसेल तर तुम्ही म्हणता तसं करू."

माय माझ्याकडे वळली. "खेळनंच शे का तुले?" तिनं विचारलं. इतक्या महिन्यांत हे मला कोणी विचारलंच नव्हतं. सगळे पायाबद्दलच विचारत होते.

"खेळनंच शे, माय," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कांद्याची पात निवडायला खाली बसले तेव्हा ती चुलीपाशी होती. तिनं वळून पाहिलं, भाकरीचं पीठ परातीत घेतलं आणि माझ्याकडे पाठ केली. "मी देखत नही," ती म्हणाली. "तू बठ."

मी बसले. अंगणात, ओट्यावर, शेतात भरिताची वांगी भाजताना काटक्यांच्या जाळाशेजारी, सगळीकडे बसले. पुढे पुढे बसल्या जागेवरून एकदम उठून पळायचा सराव केला. नाना बांधावर उभे राहून टाळी वाजवायचे, ती टाळी म्हणजे खो. नानांना ताल म्हणून नाही, त्यामुळे त्यांची टाळी कधी येईल याचा नेम नसे, आणि सरावाला तेच बरं होतं. गुडघा कधी कुरकुरायचा, संध्याकाळी सुजायचा, मग एक दिवस विश्रांती, पुन्हा बस. दिवाळीनंतर सरांनी मला चौकोनात बसवलं, स्वतः मागून येऊन खो दिला, आणि मी उठले. त्यांनी संघाच्या यादीत माझं नाव घातलं.

धुळ्याला आम्ही आदल्या दिवशी पोहोचलो. सकाळी मैदानावर बोचरं वारं होतं, पांढऱ्या फक्कीनं आखलेल्या रेषा उडत होत्या. कडेला निवड करणारे तिघे खुर्च्या टाकून बसले होते. नाणेफेक झाली आणि आमच्याकडे पाठलाग आला. मला मधल्या चौकोनांतला एक मिळाला. मी खाली गेले, पंजांवर भार घेतला, बोटं मातीला टेकली. शिट्टी झाली.

समोरच्या मुली चांगल्या होत्या. बसलेल्या मुलींमधून नागमोडी पळत होत्या. आमची मुलगी त्यांच्या मागे, खो पडत होते, माझ्या डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे. मी वाट बघत होते. पावलं माझ्या पाठीमागे यायची, माझी पाठ ताठ व्हायची आणि पावलं पुढे निघून जायची. एकदा समोरच्या संघातली मुलगी माझ्या अगदी नाकासमोरून गेली. मला खो मिळाला असता तर ती माझ्या हातात होती. खो दोन चौकोन पुढच्या मुलीला मिळाला. ती उठेपर्यंत गडी मधून पलीकडे सुटला. बसून बसून माझ्या मांड्या जळायला लागल्या, गुडघ्यात ठणका उठला. तेव्हा मला कळलं की हे चुकून होत नाहीये.

पाळी संपली. मी उठले आणि सरळ कर्णधारासमोर गेले. "माले खो काबर नही दिना?"

ती जमिनीकडे बघत म्हणाली, "काल एसटीमाच ठरनं, तू झोपेल व्हती तवय. बठ्ठ्यासनी, सगळ्या पोरीसनी ठरायं. तुले खो देवाना नही."

माझं डोकंच फिरलं. मी तिच्या दंडाला धरलं. बाकीच्या पोरी आमच्याभोवती जमल्या. कुणीतरी म्हणालं, "तू संघात आहेस ना, मग झालं तर."

"काय झालं? ते तिघं तिकडे बसलेत ते कशाला? मला बसलेली बघायला?" मी ओरडले. "गुडघा मना शे. तुटना तं मना तुटी. तुमना काय जास?"

कर्णधारानं माझा हात सोडवला नाही. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "तुनं ते वरडनं अजून मना कानमा शे."

तिचा आवाज कापत होता. इतकी वर्षं बरोबर खेळलो, पण तिला मी असं कधी पाहिलं नव्हतं. मला एकदम दिसलं की त्या दिवशी माझा गुडघा गेला आणि हिच्या अंगातलं काहीतरी गेलं, आणि तिला कुणी जळगावला नेलं नव्हतं. माझा राग गेला नाही, पण आवाज खाली आला. "मनाबी कानमा शे," मी म्हटलं. "तरी दे."

पंचांनी शिट्टी वाजवली.

आम्ही पळालो, त्यात मी बराच वेळ टिकले, पण पळता येतं हे मला माहीत होतं. मग दुसऱ्यांदा पाठलाग आला. मी चौकोनात बसले. पहिले काही खो पुन्हा माझ्या आजूबाजूला पडले. मी मातीकडे बघत होते. मागून पावलं आली, जड, लांब टांगांची. ती कर्णधाराची होती, ती पावलं मी झोपेतही ओळखेन. पावलं माझ्या मागे आली आणि जरा अडखळली.

पाठीत असा दणका बसला की माझा श्वासच गेला. "खो!"

मी उठले. कसं उठले ते मला सांगता येणार नाही, कारण गुडघ्याची आठवण झाली ती चार पावलं पळून गेल्यावर. पाठ पेटली होती. इतक्या महिन्यांत मला जो तो हात लावत होता तो काच फुटेल अशा बेतानं. डॉक्टर, फिजिओ, माय, नाना, मला उठवायला धावणाऱ्या पोरी, सगळ्यांचे हात हलके. त्या सगळ्यांत पहिल्यांदा कुणीतरी मला मारलं होतं, खेळाडूला मारतात तसं, हातचं काही न राखता. माझ्या डोळ्यांना धार लागली आणि मी तशीच पळत होते. समोरची मुलगी खांबाकडे वळली. मी खांब धरला, अंग झोकून दिलं, पण ती बोटभरानं निसटली. मी पुढे जाऊन दुसरीला खो दिला आणि तिच्या जागी बसले. त्या पाळीत मला आणखी बरेच खो मिळाले. शेवटच्या मिनिटात एक गडी माझ्या सुरात सापडला. मी मातीत तोंडघशी पडले होते आणि माझ्या मुठीत तिच्या कुडत्याचं टोक होतं. सामना आम्ही हरलो, थोडक्यात.

संध्याकाळी नावं वाचली गेली. माझं नाव शेवटून दुसरं आलं. कर्णधाराचं आधीच येऊन गेलं होतं. मी घरी फोन लावला. माय नुसती "हाव, हाव" करत राहिली, आणि मग फोन नानांकडे दिला.

धुळ्याच्या स्टँडवर एसटी उभी होती. मी सीटला टेकून बसायला गेले आणि कळवळून पुढे झाले. मागच्या सीटवरच्या पोरीनं माझी कॉलर ओढून आत बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली, की पाची बोटं उठली आहेत. कर्णधार चढली, माझ्या शेजारी बसली.

"लागनं का वं?" तिनं विचारलं.

"लागनं."

"मंग?"

"पुढलाबी असाच दे," मी म्हटलं.